डब्यावरचे तास मुंबईचे नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांना दोन दिवसांत लाकडी धनुष्य करायला शिकवणाऱ्या एका शिबिराची हकिगत वाचली. शनिवारी तासकाम, रविवारी सकाळी व्हार्निशचा हात, दुपारी जेवण आणि संध्याकाळी जो तो आपापलं धनुष्य घेऊन घरी, दसऱ्याच्या पूजेत ठेवायला. मुलांनी हातात रंधा आणि कानस धरली याचं मला कौतुकच आहे. तक्रार आहे ती रविवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ यांच्यामधल्या वेळाबद्दल. लेखात 'चार तासांत वाळणारं व्हार्निश' असं छापलंय. शेजारच्या फोटोत धनुष्यं वर्तमानपत्राच्या पानांवर मांडलेली आहेत आणि डावीकडून दुसऱ्या धनुष्याला कागदाची पट्टी चिकटून वर आलेली स्पष्ट दिसते. पान बहुधा तुमचंच असावं.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी आहे. माझी सगळी नोकरी एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रंग आणि व्हार्निश किती वेळात वाळतं, किती कडक होतं, वाकवलं तर तडकतं का, हे तपासायचं, हेच काम. आणि आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून धनुष्यं करतात. तासायचं काम त्यांचं, पॉलिश माझं. त्यांना घाई असते, मला नसते, आणि त्यावरून मुलुंडच्या दोन खोल्यांत काय काय होतं ते इथे लिहायची गरज नाही.

तर ते चार तास. डब्यावर छापलेला वेळ खोटा नसतो. फक्त तो आपल्या गॅलरीत मोजलेला नसतो. भारतीय मानकांप्रमाणे रंगाच्या चाचण्या २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत होतात; तापमानात दोन अंशांची आणि आर्द्रतेत पाच टक्क्यांची सूट. काचेच्या किंवा पत्र्याच्या सपाट पट्टीवर ठरावीक जाडीचा एकच पातळ थर. आता जुलै-ऑगस्टातली मुंबई घ्या. सकाळची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि खिडक्या फुगून बसतात. त्यात मूल ब्रशने मारतं तो हात पट्टीवरच्या थरापेक्षा कितीतरी जाड, वर ओघळ वेगळे.

वाळण्याच्या पायऱ्या आम्ही वेगवेगळ्या नोंदवायचो. पहिली काचमण्यांची. पट्टी आडवी ठेवायची, तिच्यावर रव्यापेक्षाही बारीक काचमणी भुरभुरायचे, जरा थांबायचं आणि मऊ कुंचल्याने झाडायचे. सगळे निघाले आणि थरावर ओरखडा उठला नाही, की वरचा पृष्ठभाग वाळला असं लिहायचं. डब्यावर मोठ्या अक्षरांत असतात ते कमी तास बहुतेक वेळा याच पायरीचे. पुढची पायरी अंगठ्याची. पट्टीवर अंगठा जोर देऊन दाबायचा आणि तसाच दाबलेला पाव वळसा फिरवायचा. थर सरकला, सुरकुतला किंवा ठसा राहिला तर खालून अजून ओलं आहे. यात पास झालेल्या पट्टीलाही आम्ही लगेच वाकवत नसू. आणखी ठेवून मग ती पेन्सिलीएवढ्या जाड सळईभोवती दुमडायची आणि वाकलेल्या जागी केसासारखी चीर दिसते का, ते भिंगातून बघायचं.

ही शेवटची चाचणी पत्र्याच्या पट्टीला एकदाच द्यावी लागते. धनुष्याला ती दर बाणाला द्यावी लागते. दोरी ओढली की धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे नेम धरणाऱ्याकडची बाजू, दबते. टेबलाच्या किंवा दरवाजाच्या व्हार्निशवर उभ्या आयुष्यात अशी पाळी येत नाही. म्हणूनच सुताराने दरवाजासाठी सांगितलेला वेळ धनुष्याला लावू नये, असं माझं म्हणणं आहे.

तेलावर आधारलेलं व्हार्निश दोन टप्प्यांत घट्ट होतं. आधी त्यातलं टर्पेंटाइन किंवा तसलाच पातळ करणारा द्रव उडून जातो. घरभर वास येतो तो त्याचा, आणि हे काम काही तासांत उरकतं. मग मागे राहिलेलं तेल हवेतला प्राणवायू शोषून घेऊ लागतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. निव्वळ जवसाच्या तेलाचा थर काचेवर देऊन तराजूत तोलला तर सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं. नुसतं काहीतरी उडून जायचं असतं तर तो हलका झाला असता. हा दुसरा टप्पा आठवडे चालतो. गारठ्यात रेंगाळतो, दमट हवेत रेंगाळतो, आणि थर जाड असला तर वर दुधावर धरते तशी साय धरते. मग तिच्यातून प्राणवायू खाली पोचत नाही आणि खालचं तसंच लिबलिबीत राहतं. कोरड्या दिवसांत, पातळ हात दिलेले असतील तर, तेलावरचं पॉलियुरेथेन व्हार्निश पुरतं पक्कं व्हायला मी तीन ते चार आठवडे धरते. कच्च्या जवसतेलाला त्याहून जास्त, कारण डबल बॉइल्ड तेलात कोबाल्ट-मँगनीजसारखी वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात, कच्च्यात ती नसतात.

आता दसऱ्याचं बघा. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता, २०२५ चा २ ऑक्टोबरला. म्हणजे खंडेनवमीला हत्यारं मांडायची तेव्हा पाऊस अनेकदा मुंबईतच मुक्कामाला असतो, आणि त्यासाठी केलेलं धनुष्य ऐन ओल्या हवेत तासलेलं आणि व्हार्निश लावलेलं असतं. पूजेपुरतं ठीक. पण मूल ते पूजेत ठेवून थांबणार आहे थोडंच!

कच्च्या थराचं धनुष्य चालवलं तर काय होतं? मुठीवर बोटांचे ठसे बसतात, हे त्यातल्या त्यात किरकोळ. मुठीला सुतळी किंवा दोरा गुंडाळला तर तो थरात रुततो आणि काढताना पापुद्रे घेऊनच निघतो. धनुष्य गवसणीत घातलं तर कापडाची वीण जशीच्या तशी उमटते. त्याहून वाईट म्हणजे घाईत टणक होणारं काहीतरी, फर्निचरचं मेलामाइन म्हणा किंवा थिनरमधलं लॅकर म्हणा, जाड थापलं तर वाकल्यावर पाठीवर आडव्या बारीक चिरा पडतात. चिरा पॉलिशला आहेत की लाकडाला, ते मुलाला कळत नाही आणि बापालाही नाही. लाकडाचा सल खरोखरच उठू लागला असेल तर तो या जाळ्यात लपून जातो. ओढलेलं धनुष्य चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर मोडतं. म्हणून हा दिसण्याचा किंवा चकाकण्याचा प्रश्न आहे असं समजू नये. राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धांच्या इंडियन राउंड या प्रकारात आजही बांबू-लाकडाची धनुष्यं घेऊन ५० आणि ३० मीटरवर नेम धरतात. हे काही जत्रेतलं खेळणं नव्हे.

व्हार्निशच्या आधीही एक गोष्ट आहे, आणि ती शिबिरवाल्यांनी अजिबात विचारात घेतलेली दिसत नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ६५ टक्के आर्द्रतेत बरेच दिवस ठेवलेल्या लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं, ८५ टक्क्यांत ते १८ च्या आसपास जातं. ओलं लाकूड वाकवलं की वाकलेलंच राहू पाहतं. धनुष्य दोरी उतरवल्यावरही कमरेत वाकल्यासारखं दिसतं आणि बाण सुस्त जातो. अशा लाकडावर व्हार्निश चढवलं तर आतली ओल आतच अडकते. बाहेरची ओल मात्र कुठलंही व्हार्निश कायमची अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. आमच्याकडे त्यासाठी यंत्र नाही. हे लाकडाचा दांडा आणतात तेव्हा मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते आणि त्याच्याच अंगावर पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहिते. दर आठवड्याला पुन्हा. वजन उतरायचं थांबलं की मगच रंधा. एकाच धामणीच्या दांड्यावर पेन्सिलीच्या आकड्यांची माळ झालेली असते आणि तासताना ती सगळी भुश्यात जाते. (धामण म्हणजे झाड, साप नव्हे. चिवट आणि लवचीक लाकूड, कुऱ्हाडीच्या दांड्याला चालतं ते. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगेपर्यंत त्या आमच्या दारातून आत येत नव्हत्या.)

कोणतं व्हार्निश, हेही विचारतात. बोटींच्या डोलकाठ्यांसाठी जे करतात ते, म्हणजे स्पार व्हार्निश, मला धनुष्याला सर्वांत योग्य वाटतं. डोलकाठी वाऱ्याने वाकते, म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त ठेवलेलं असतं आणि थर लवचीक राहतो. बंदराच्या शहरात ते मिळायला अडचण नाही. पण तेल जास्त म्हणजे घट्ट व्हायला वेळही जास्त, ही त्याची अट. ज्यांना थांबायचंच नाही त्यांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, फडक्याच्या बोळ्याने अगदी पातळ हात द्यावेत. लाखेला प्राणवायूची वाट बघावी लागत नाही, स्पिरिट उडालं की काम झालं. मात्र लाख ताजी भिजवलेली हवी. जुन्या बाटलीतली चिकटच राहते. आणि पावसाळ्यात तीही दगा देते: स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि थर पांढरट, धुरकट पडतो. श्रावणात मी लाखेची बरणी उघडत नाही.

धनुष्य वाळवायचं कुठे, हा मुंबईत खरा प्रश्न. आमच्या समोरच्या इमारतीचा पुनर्विकास चाललाय, त्यामुळे गॅलरीत ठेवलं की सिमेंटची धूळ. खिडकी उघडी ठेवली तर कबुतराचं पीस, आणि ते नेमकं ओल्या पाठीवरच उतरतं. खिडकी बंद केली तर हवा खेळत नाही, आणि हवेशिवाय थर घट्ट होत नाही. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट धूर, देवघराजवळ उदबत्तीची राख. शेवटी मी कपडे वाळत घालायची छतावरची दांडी घेतली. दोरी उतरवलेलं धनुष्य दोन्ही टोकांच्या खाचांना सुतळी बांधून आडवं टांगायचं, पंखा सर्वांत हळू, आणि त्या दिवसापुरते कपडे इमारतीच्या गच्चीवर. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवू नये. कच्चा थर भिंतीचा रंग घेतो आणि दांडा हळूहळू बाक धरतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी ओल काढून घेणारा मोड लावून खोली बंद ठेवावी, पण पहिला वास ओसरल्यावरच. कडक उन्हात मात्र नाही, लाकडाला तडे जातात.

पक्कं झालं का हे ओळखायला काचमणी लागत नाहीत. नाक मुठीजवळ न्या. वास येतोय तोवर बात नाही. मग मुठीच्या खालच्या, दोऱ्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी नख रुतवा. खूण राहिली तर थांबा. व्हार्निशच्या दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिशपेपर फिरवला की कोरडी पांढरी पूड पडायला हवी. पूड न पडता कागदावर गोळ्या चिकटून बसल्या, तर पुढचा हात देण्याचा विचार सोडा आणि दांडा पुन्हा दांडीवर टांगा.

आणि चिंध्या. तुमच्या लेखात त्यांचा उल्लेख नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटली. जवसतेलाने किंवा तेलाच्या व्हार्निशने भिजलेलं फडकं चुरगळून पिशवीत टाकलं, तर प्राणवायू घेताना जी उष्णता निघते ती आतल्या आत साठत जाते आणि कोणी काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला फेब्रुवारी १९९१ मध्ये लागलेली आग अशाच जवसतेलाच्या चिंध्यांपासून सुरू झाली, आणि तीत अग्निशामक दलाचे तीन जवान गेले. शिबिराच्या दिवशी सभागृहात प्रत्येक मुलामागे एकेक फडकं धरलं, तरी संध्याकाळी त्या सगळ्यांचा एक गच्च भरलेला काळा पोतडा झाला असणार. तो कुठे गेला? जिन्याखाली? माझ्याकडे फडकी एकेक करून बादलीच्या काठावर पसरून वाळतात, नाहीतर पाण्यात बुडवून मगच कचऱ्यात जातात. हा नियम आमच्या ह्यांनाही लागू आहे.

ज्यांच्या मुलांनी त्या शिबिरातून धनुष्य आणलंय, त्या पालकांनी एवढं करावं: दोरी उतरवावी, गवसणीतून किंवा प्लॅस्टिकमधून काढून आडवं टांगावं, आणि आवारात बाण मारायचं दिवाळीनंतरवर ढकलावं. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होऊ लागते. नखाची खूण तेव्हाही राहिली तर आणखी थांबावं.

संयोजकांना सुचवायचं आहे ते सोपं आहे. दोन दिवसांतच शिबिर आटपायचं असेल तर धनुष्य कोरं द्या. बिनपॉलिशचं धनुष्य कोरड्या दिवसांत काही काळ सुखाने चालतं. बरोबर एक चिठ्ठी द्या, की डिसेंबरात पातळ हात कसे द्यायचे आणि किती थांबायचं. आणि व्हार्निश लावूनच द्यायचं असेल तर मुठीवर, दोऱ्याखाली जाईल अशा ठिकाणी, शेवटचा हात दिल्याची तारीख पेन्सिलीने लिहा. विकायच्या धनुष्यांवर तर ती असायलाच हवी. घेणाऱ्याला मग ते किती दिवसांचं आहे हे विचारावं लागणार नाही. शिबिर जानेवारीत घ्याल तर उत्तमच. आमचे हे तासकाम शिकवायला यायला एका पायावर तयार आहेत; व्हार्निशचा डबा मात्र मी त्यांच्याबरोबर पाठवणार नाही.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)